डंकावरची रांग

मी एमबीएला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या गल्लीत बातमी पसरली, की ही आता मोठी साहेबीण होणार आणि हिच्या आईचा डंक बंद पडणार. त्यातली पहिली गोष्ट अजून पुरती झालेली नाही. दुसरी मात्र मी स्वतःच्या हातानं जवळजवळ करून दाखवली होती, तीही परीक्षेच्या मार्कांसाठी.

डंक म्हणजे मिरची कांडायचं यंत्र. लोखंडी उखळ, त्यात लोखंडी मुसळं, वर पट्टा, बाजूला मोटर. बटण दाबलं की मुसळं आळीपाळीनं उठतात, आपटतात आणि निम्मी गल्ली शिंकायला लागते. शिमगा झाल्यापासून वळीव लागेपर्यंत कोल्हापुरातल्या घराघरांतून वर्षाची कांदा-लसूण चटणी होते. मिरच्या आणायच्या, उन्हात खडखडीत वाळवायच्या, मसाला तळायचा, खोबरं भाजायचं, सगळं डब्या-पिशव्यांत भरायचं आणि डंक गाठायचा. आमचा डंक घराच्या पुढच्या सोप्यातच आहे. मोटर, पट्टा आणि बेअरिंग हे पप्पांचं खातं. बाकी सगळं राज्य आईचं. त्या दोन-अडीच महिन्यांवर आमचं वर्ष निघायचं; एरवी हळद, शिकेकाई आणि एखाद्या लग्नघरचा मसाला, एवढंच काम यायचं.

हंगामाचं पहिलं कांडप नेहमी आमच्या घरचं. नारळ फोडायचा, यंत्राला हळदकुंकू लावायचं आणि आमच्याच मिरच्या आधी घालायच्या. मी लहान असल्यापासून त्यात माझं एक काम ठरलेलं होतं. आई यंत्र थांबवून चिमूटभर चटणी माझ्या जिभेवर ठेवायची आणि विचारायची, "झाली?" मी डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणायचे, "न्हाय अजून." ती पुन्हा बटण दाबायची. असं दोन-तीनदा व्हायचं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. नुसता भाव खायचा म्हणून मी नाही म्हणत होते.

तर ही अशी डंकावर वाढलेली मुलगी एमबीएला गेली. कॉलेज गावाबाहेर माळावर. वर्गात शहरातली, कागलची, मुरगूडची, गडहिंग्लजची अशी सगळीकडची मंडळी. माझ्या बाकावरची मैत्रीण मुरगूडहून रोज एसटीनं यायची आणि डोळे मिटायच्या आत तिला झोप लागायची. आठवड्यातून एक दिवस आम्हाला सादरीकरण करावं लागे, म्हणजे एप्रिलच्या उन्हात काळा कोट घालून, इंग्रजीत, भिंतीवरच्या चित्राकडं हात करून बोलायचं. कोट वर्गात मिळून चारच होते. एकाचं भाषण संपलं की तो दारातच कोट काढून पुढच्याला द्यायचा. बाह्या कुणालाच नीट बसत नव्हत्या, पण आत्मविश्वास सगळ्यांना व्यवस्थित बसायचा.

मला तर जरा जास्तच. आपण हुशार आहोत हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि सांगितलं तर मी अडवत नव्हते. परदेशातल्या विमानतळांवरच्या रांगा कशा कमी केल्या, हे आमचे सर फळ्यावर काढून दाखवायचे तेव्हा मी मान डोलवायचे. विमानतळ मी बाहेरच्या रस्त्यावरून बघितला होता.

शेवटच्या सत्राला सरांनी सांगितलं, "प्रत्येकानं एक खरा धंदा निवडा. आधी मोजा, मग त्यात एक सुधारणा करा, मग पुन्हा मोजा. जो फरक पडेल तो लिहून आणा." कुणी दवाखाना घेतला, कुणी गाड्यांची शोरूम, कुणी पतसंस्था. मी आईचा डंक घेतला. सरांना मी सांगितलं की मला पारंपरिक उद्योगांत रस आहे. खरं कारण असं की उन्हाचं कुठं जायला नको होतं.

मी मोबाइलवरचं घड्याळ लावून आणि वही घेऊन सोप्याच्या कोपऱ्यात बसले. कुठली बाई किती वाजता आली, तिचा नंबर कधी लागला, ती कधी गेली, सगळं लिहून ठेवलं. बायका उपड्या डब्यांवर, पोत्यांवर, पायरीवर बसलेल्या असायच्या. मिरच्यांची देठं खुडायची राहिलेली असायची ती खुडायच्या. एकमेकींच्या पिशव्यांत डोकावायच्या. पन्हाळ्याकडून एक बाई दोन पोती घेऊन पहाटेच्या गाडीनं यायची आणि आल्या आल्या आमच्या कट्ट्यावर आडवी व्हायची.

"काय गं, काय बघालीस घड्याळात सारखं?" एकीनं विचारलं.

"तुम्ही किती वेळ बसता ते मोजतेय."

"आता गं बया! बसायचं पण मोजत्यात व्हय कालेजात?"

सगळ्या हसल्या. मी हसले नाही. माझ्या वहीत स्पष्ट दिसत होतं, की बाई तीन-तीन तास बसते आणि तिचं कांडप असतं पाऊण तासाचं. उरलेला सगळा वेळ वाया. इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचा मला खरंच अचंबा वाटला.

त्या संध्याकाळी मी आईपुढं वही धरली. बायकांनी सकाळी माल ठेवून जायचं. प्रत्येक डब्याला नंबराचा बिल्ला बांधायचा. कशात काय किती घालायचं, हे प्रमाण चिठ्ठीवर लिहून द्यायचं. संध्याकाळी येऊन तयार चटणी घेऊन जायची. कुणी बसायचं नाही, कुणाचा वेळ जायचा नाही, आणि आपलं कांडपही भराभर होईल.

आई लसूण सोलत होती. "गिऱ्हाईक बसतंय तर तुला काय टोचालंय?"

"त्यांचा वेळ जातो, आई."

"त्यांनी सांगितलं व्हय तुला?"

"त्यांना कळत नाही गं. सवय झालीय."

आईनं माझ्याकडं बघितलं. "बायकांना बसू द्यावं. चटणीपाशी माणूस लागतंय," ती म्हणाली. मी म्हटलं, हे भावनिक आहे. वर्गात हा शब्द मी नुकताच शिकले होते आणि जिथं तिथं वापरत होते.

"ह्येच्यावर तुझं मार्क हाईत?"

"हो. सगळा पेपर यावरच."

तिनं सोललेला लसूण वाटीत लोटला. मग म्हणाली, "कर मग. पर माझं शिजन हाय बग ह्ये, वर्साची कमाई. हसण्यावारी घिऊ नको."

मी हसण्यावारी अजिबात नेलं नाही. पप्पांना तर उत्साहाचं भरतं आलं. त्यांनी तेलाच्या डब्यांची झाकणं कापून बिल्ले केले, त्यांना भोकं पाडली, रंग दिला. फळीच्या तुकड्यावर त्यांनी पाटीही रंगवली: 'बसू नका. माल ठेवून जावा.' कोल्हापुरात दारात आलेल्या माणसाला 'बसू नका' असं पाटी लावून सांगणारं आमचं पहिलंच घर असावं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी त्या पाटीचा फोटो काढून प्रकल्पाच्या वहीत चिकटवला.

पहिले तीन दिवस झकास गेले. नोकरीवाल्या दोघी-तिघी तर खूश झाल्या. एकीनं मला "हुशार आहेस गं" असंही म्हटलं, ते मी तारखेसह लिहून ठेवलं. सोपा मोकळा. शेल्फावर डबे ओळीनं, बिल्ले लटकलेले. आई एकामागून एक डबे उतरवायची, चिठ्ठी वाचायची, मोजून घालायची, कांडायची, भरायची. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती यंत्राशीच काहीतरी पुटपुटायची.

चौथ्या दिवशी तालमीमागच्या काकू आल्या. त्या आमच्या डंकावर मी जन्मायच्या आधीपासून येत होत्या. आवाज असा, की त्या बोलल्या तर यंत्र बंद पडलं असं वाटावं. त्यांनी स्टीलचा डबा पायरीवर आदळला आणि झाकण काढलं.

"वैनी, ही माझी चटणी न्हाय."

आईनं चिमूट जिभेवर ठेवली. "तुमचीच हाय की."

"मग मी खोटं बोलालोय व्हय?" आमच्याकडं बायकाही 'बोलतो, येतो, जातो' म्हणतात, आणि चिडल्यावर तर नक्कीच.

मी मध्ये तोंड घातलं. "काकू, ही बघा तुमच्याच हातची चिठ्ठी. यात लिहिलंय तेवढंच घातलंय. डब्याला बिल्ला होता. बदलायचा प्रश्नच येत नाही."

"चिठ्ठी घाल चुलीत!" काकू म्हणाल्या. "माझ्या घरात आज कुणी जेवलं न्हाय नीट. म्हातारं म्हणतंय, ही कुणाची चटणी आणलीस. माझ्या म्हागारी काय झालं हितं, मला काय म्हाईत?"

सोप्यात आणखी दोघी डबे ठेवायला आल्या होत्या. त्या थांबल्या. आई आत गेली आणि आमच्या घरची वर्षाची चटणीची बरणी उचलून घेऊन आली. "ही न्या," ती म्हणाली. "तुमची राहू दे हितं."

"तुमची घिऊन मी काय करू? मला माझी पायजे." काकूंनी दोन्हीला हात लावला नाही. डबा तसाच पायरीवर टाकून त्या निघून गेल्या. त्या दोघी बायकांनीही आपापले डबे उचलले, "उद्या येतो" म्हणाल्या आणि गेल्या.

माझं डोकं सणकलं. ही बाई मुद्दाम करतेय, हिला बदल नको आहे, असं मी तावातावानं बोलत सुटले. वर्गात यालाही एक शब्द होता, तोही मी वापरला. आईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती बरणी पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती. मग म्हणाली, "तीस वर्सं झाली. माझ्या हाताला कुणी खोटं म्हणलं न्हवतं." आणि बरणी घेऊन आत गेली.

गल्लीत बातमीला पाय लागत नाहीत. दोन दिवसांत शेल्फावरचे डबे निम्मे झाले, चार दिवसांत तीन राहिले. पन्हाळ्याची बाई दारापर्यंत आली, पाटी वाचली, "बसायचं बी न्हाय व्हय?" म्हणाली आणि पोती घेऊन दुसऱ्या डंकावर गेली. दुपारी यंत्र बंद असायचं. ऐन हंगामात आमच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

नेमके त्याच आठवड्यात सर पाहणीला आले. मोकळा सोपा बघून त्यांचा चेहरा फुलला. "वा! एकही माणूस थांबलेला नाही!" त्यांनी माझी पाठ थोपटली. "वेटिंग झिरो! वर्गात सगळ्यांना दाखव हे."

आईनं चहा आणून ठेवला. "सर, रांग न्हाय कारण गिऱ्हाईक न्हाय," ती म्हणाली. सरांना वाटलं ती विनोद करतेय. ते मनापासून हसले, चहा चांगला झालाय म्हणाले आणि गेले. मीही त्यांच्याबरोबर हसले. ते हसू आठवलं की अजून कान गरम होतात.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. सकाळी उठले तर आई इस्त्रीचं लुगडं नेसून, पिशवीत नारळ घालून तयार.

"कुठं चाललीस?"

"वाडीला जाऊन येतो. बरेच दिवस झालं, दत्ताचं दर्शन न्हाय."

ती पप्पांना जेवणाचं सांगून एसटी स्टँडकडं गेली. मी दारात उभी राहिले. आई नृसिंहवाडीला जायची ती पावसाळ्यात, नाहीतर दिवाळीनंतर. शिमग्यापासून वळवापर्यंत तिला मी गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा जाताना पाहिलं नव्हतं. हंगामात तिला वेळच नसायचा. आज तिला वेळ होता. तो मी दिला होता, मोजून, लिहून, फोटोसकट. मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. पप्पा आतून आले, माझ्याकडं बघितलं, आणि मोटरीला तेल घालायला गेले. मोटर आठवडाभर नीट फिरलीही नव्हती.

डोळे पुसून मी काकूंचा तो डबा उचलला आणि तालमीमागं गेले. भांडायचं, की माफी मागायची, हे माझं ठरलेलं नव्हतं. जे आधी तोंडातून निघेल ते.

"आलीस?" काकू म्हणाल्या. "बस. जेवलीस काय?"

आधी भाकरी खाल्ल्याशिवाय त्या काही ऐकेनात. ताट पुढं आलं. ताटात एका बाजूला त्यांनी गेल्या वर्षीच्या बरणीच्या तळाची चटणी वाढली, दुसऱ्या बाजूला मी आणलेल्या डब्यातली, आणि मधे तेल. "खा. आणि सांग मला, मी खोटं बोलतो काय."

मी खाल्ली. आधी जुनी, मग नवी, मग पुन्हा जुनी. फरक होता. जुनी आधी गोडसर लागायची आणि मग तिखट होऊन मागून यायची. नवी नुसतीच अंगावर यायची. मी त्या डब्याची वकिली आठवडाभर करत होते, पण त्यातली चटणी मी एकदाही चाखली नव्हती. माझ्याकडं चिठ्ठी होती ना.

"काकू," मी म्हटलं, "चिठ्ठीत लिहिलं त्याशिवाय तुम्ही अजून काय घालता?"

"काय न्हाय."

"काहीतरी करत असाल."

"अगं, काय करणार? बसतो आणि बघतो."

मी त्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. म्हटलं, उद्या थोड्याशा मिरच्या घेऊन या, नेहमी करता तसं करा, मी फक्त बघते. "पाटी काढली असशील तर येतो," काकू म्हणाल्या.

घरी येऊन मी पाटी काढली. दुसऱ्या दिवशी काकू आल्या आणि उखळाशेजारच्या त्यांच्या ठरलेल्या उपड्या डब्यावर बसल्या. मी वही घेऊन समोर बसले. घड्याळ लावलं नाही. आई आदल्या संध्याकाळीच वाडीहून परतली होती. तिनं देवाचं नाव घेऊन बटण दाबलं.

थोडा वेळ काकू नुसत्या कान देऊन बसल्या. मग हात वर केला. "थांबव." तळहातावर चिमूट घेऊन अंगठ्यानं चोळली, वास घेतला, आणि पिशवीच्या तळातून भाजलेल्या खोबऱ्याची पुडी काढून मूठभर आत टाकली. मी वहीत बघितलं. चिठ्ठीतलं खोबरं केव्हाच घालून झालं होतं. हे वरचं होतं. "चालू कर." परत थोड्या वेळानं हात वर. आता तीळ. मग आई लसूण घालायला गेली तर, "न्हाय न्हाय, अजून कोरडीच चार घाव बसू दे." मग चाखली, तोंड वाकडं केलं, आणखी थोडं खोबरं. मग मिठाचे दोन खडे. मग लसूण. मग परत चाखली, आणि या वेळी काही बोलल्याच नाहीत, नुसती मान हलवली. अकरा वेळा त्यांनी काही ना काही केलं होतं. त्या अकरातलं एकही चिठ्ठीत नव्हतं.

काकूंनी बोट माझ्यापुढं धरलं. मी चाखलं. आधी गोडसर, आणि मग मागून आली.

"हीच की माझी!" काकू ओरडल्या. मग स्वतःच पिशवीतल्या उरलेल्या पुडीकडं बघत राहिल्या. "त्या दिवशी ही पुडी घरातच राहिली व्हय," त्या म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात. "वैनी, मी उगंच बोललो तुम्हांस्नी." चटणी कुणी बदलली नव्हती. काकूही खोटं बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी काकू तिथं नव्हत्या, एवढाच फरक पडला होता आणि तो त्यांच्या घरच्या म्हाताऱ्याच्या जिभेला बरोबर कळला होता.

काकू गेल्यावर मी आईला विचारलं, "तुला हे माहीत होतं?"

"म्हाईत हाय की. परत्येकीचं असतंय. पन्हाळ्याची बाई निम्म्यात धनं घालायला लावती. बँकेतली ती हळदीला दोनदा थांबवती."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस कुठं? तू घड्याळ लावून बसलीवतीस." मग म्हणाली, "आणि आमच्या ध्येनातच आलं न्हाय की ह्ये सांगायचं असतंय. तू हितंच वाढलीस न्हवं?"



पाटी फुकट जाऊ नये म्हणून पप्पांनी ती उलटी केली आणि मागच्या बाजूला रंगवलं: 'बसा. चहा हाय.' काकूंनी गल्लीभर स्वतःच्या आवाजात जाहिरात केली. तेवढी जाहिरात करायला आमच्या पुस्तकात तीन प्रकरणं खर्ची घातली आहेत. हळूहळू उपडे डबे भरायला लागले. शिंका सुरू झाल्या. ज्यांना नोकरीमुळं बसता येत नव्हतं त्यांच्या जागी कुणाची सासू आली, कुणाची जाऊ, आणि एकीचा नवरा आला. तो डब्यावर बसल्या बसल्या पेंगायचा आणि यंत्र थांबलं की दचकून म्हणायचा, "अजून जरा कांडा." त्याच्या बायकोनं त्याला तेवढंच पाठ करून पाठवलं होतं.

सगळ्या मात्र परतल्या नाहीत. मधे आठवडा-दहा दिवस गेले होते आणि त्या वर्षी वळीवही लवकर आला. पन्हाळ्याची बाई पुढच्या वर्षी आली, पण तीन घरं जी गेली ती आजपर्यंत आलेली नाहीत. आई त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण शिमगा झाला की सुरुवातीचे काही दिवस, मिरचीची पिशवी घेऊन कुणी गल्लीच्या तोंडाशी दिसलं की ती मान वर करून बघते. माझ्या पदवीत त्या तीन घरांचा वाटा आहे. हे मी कुठल्या अर्जात लिहीत नाही, म्हणून इथं लिहिते.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. मी चौथ्या क्रमांकाचा कोट घातला होता आणि तो घामानं आधीच ओला होता.

"तुमच्या सुधारणेचा परिणाम काय झाला?" त्यांनी विचारलं.

"रांग संपली, सर. पाठोपाठ गिऱ्हाईकंही संपली."

आमच्या सरांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. मी सगळं सांगून टाकलं, म्हणजे घड्याळ, बिल्ले, पाटी, काकू, अकरा वेळा वर झालेला हात. इंग्रजीत सुरुवात केली होती, खोबऱ्यापाशी मराठीवर आले ते शेवटपर्यंत.

"मग आता तुमची शिफारस काय?"

"बसायला आणखी चार पाट आणि एक पंखा."

ते हसले आणि मग बराच वेळ त्यांच्या आईच्या चटणीबद्दल बोलत राहिले. मी पास झाले. मार्क किती पडले ते विचारू नका. सांगण्यासारखे असते तर आधीच सांगितले असते.

आता मी पुण्यात एका कंपनीत आहे. फोनवर ताटकळणाऱ्या ग्राहकांचा वेळ कमी करणं, हे माझं काम. नशिबाचं काय सांगावं! मला बरं जमतं, कारण काहीही बदलायच्या आधी मी दोन दिवस नुसती त्या लोकांशेजारी बसून राहते. साहेबांना वाटतं ही पद्धत मी कॉलेजात शिकले.

यंदा हंगामाच्या सुरुवातीला सुट्टी मिळाली नाही. पहिलं कांडप माझ्याशिवाय झालं, आणि आईनं चटणीचा डबा एसटीनं पाठवून दिला. मी स्टँडवरून आणला, घरी येऊन चटणी भाकरीबरोबर खाल्ली. पुन्हा खाल्ली. मग आईला फोन लावला. मागं यंत्राचा दणदणाट आणि बायकांचा गलका ऐकू येत होता.

"आई, औंदाची चटणी वेगळी लागतेय गं."

"काय वेगळी?"

"माहीत नाही. मिरची दुसरी घेतलीस का?"

"मिरची तीच, सगळं तेच." तिनं कुणाला तरी ओरडून जरा थांबायला सांगितलं. यंत्र बंद झालं. "एकदा थांबवलं, चिमूट घेतली," ती म्हणाली. "झाली काय म्हणून इचारायला हितं कोण न्हवतं. मग मीच म्हणलं, झाली असंल."

तिकडून काकूंचा आवाज आला, वैनी, मिरच्या गार पडाल्यात की. "ठेवतो गं, गिऱ्हाईक बसलंय," आई म्हणाली आणि पुन्हा दणदणाट सुरू झाला.

पुढच्या शिमग्यानंतरची दोन दिवसांची रजा मी दुसऱ्या दिवशीच टाकली. अर्जात कारणाचा रकाना होता. आधी 'घरगुती काम' असं लिहिलं होतं, मग ते खोडलं आणि 'चटणीपाशी बसायचं आहे' असं लिहिलं.